नहरींचे शहर

सुट्टीत पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना वेरूळ, दौलताबाद, मकबरा हौसेने दाखवितो. शेवटी पाणचक्कीही होते. मुले हौदातील मासे पाहण्यात रमतात. परंतु हे पाणी येते कोठून, असे क्वचितच कोणी विचारते.

गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा, मलिक अंबर, पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाली. नावाप्रमाणेच गाव खडकाळ. म्हणून त्याने डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. वाटेत जागोजाग उंच बंबे उभारले, त्यामुळे पाण्याचा दाब आवरला जाई. पंप नाही, इंजिन नाही. सारी किमया उताराची!

अठराव्या शतकातील पाणचक्कीही अशाच नहरीवरची. उंच भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातील फकीर-यात्रेकरूंचे दळण होई. पहाटे उठून जाते ओढलेल्या आपल्या आज्यांना याचे मोल नक्कीच कळले असते.

पुढे पाये खणताना नहरीचे नळ फुटले, कित्येक बंबे ढासळले. भगिनींनो, नळाच्या पाण्याची वाट पाहणे आपल्या पाचवीलाच पुजले आहे. निदान आपल्या गल्लीतील बंब्यात केर पडू न देणे तरी आपल्या हाती आहे.