तळटीप : मनोरा

* मनोरा : तंजावर मुलखात, पट्टुकोट्टैच्या पलीकडे समुद्रकाठी सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी उभारलेला आठ मजली, षट्कोनी बुरूज. इंग्रजांचा विजय आणि ‘बोनापार्ट’चा पाडाव यांची आठवण म्हणून तो बांधला, असे त्यावरील लेखात मराठीसह अनेक भाषांत कोरले आहे, साल १८१४. त्याआधीच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८१३ रोजी, पोलंडचे सरदार-सेनापती युझेफ पोन्यातोव्स्की लाइपझिगच्या माघारीत एल्स्टर नदीत बुडाले. पोलंडच्या स्वातंत्र्याची सारी आशा त्यांनी नेपोलियनवर ठेवली होती. सरफोजींनी मात्र लेखात स्वतःला इंग्रज सरकारचा मित्र व दोस्त म्हणवले. याला लाचारी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. १७९९च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला. नेमणुकीचा पैसाही कंपनीच्याच हातून यायचा. त्यातूनच त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह वाढवला. पोलंडशी त्यांचा आणखी एक दूरचा धागा आहे : त्यांचे गुरू, मिशनरी श्वार्ट्झ, यांचे जन्मगाव सोनेनबुर्ग तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. — संपा.