चोपचिनी : चीनहून आलेली मुळी आणि गरमीचा रोग

काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी नावाची तपकिरी-तांबूस, गाठाळ मुळी मिळते. तिचे चूर्ण सांधेदुखी, वातविकार, त्वचारोग आणि 'रक्तशुद्धी'साठी घेतले जाते. आमच्या खुलताबाद परिसरातही रुग्ण तिच्याबद्दल विचारतात. ही मुळी मूळची आपल्याकडची नाही. ती आली कशी, तिची एवढी कीर्ती का झाली आणि त्या कीर्तीत तथ्य किती, हे या लेखात पाहू.

नावातच पत्ता आहे

फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड. चोब-ए-चिनी म्हणजे चिनी लाकूड. त्याचेच आपण चोपचिनी केले. वनस्पतिशास्त्रात तिला स्मायलॅक्स चायना म्हणतात. आपल्या सह्याद्रीत वाढणारी काटेरी घोटवेल ही तिचीच बहीण.

आधी रोग आला, मग औषध

१४९५ च्या सुमारास इटलीत नेपल्सच्या लढाईनंतर एक नवा, भयंकर गुप्तरोग युरोपभर पसरला. तो म्हणजे सिफिलिस. समुद्रमार्गे तो लवकरच भारतात आणि चीनमध्येही पोहोचला. लोकांनी त्याला गरमी म्हटले, हकिमांनी आतशक. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' ग्रंथात त्याचे वर्णन 'फिरंग रोग' या नावाने केले, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गातून येतो असे त्यांचे निरीक्षण होते. चरक-सुश्रुतांच्या संहितांत हे नाव नाही. याच ग्रंथात चोपचिनी 'द्वीपान्तर वचा' म्हणून, म्हणजे परदेशातून आलेली वेखंडासारखी मुळी म्हणून, दाखल झाली आणि फिरंग रोगावर विशेष गुणकारी ठरवली गेली. नवा रोग आणि नवे औषध दोन्ही इतक्या तत्परतेने शास्त्रात घेणे, ही आपल्या वैद्यकाची मोकळी बाजू होती.

गोवा आणि निजामशाही

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा रुग्ण आणि मित्र. त्या काळी दौलताबादचा मुलूख याच निजामशाहीत होता. पुढे तिचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर आमच्या खुलताबादेतच चिरविश्रांती घेत आहे. ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात चिनी मुळीवर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. जहाजांबरोबर ही मुळी युरोपातही गेली. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती गाऊटसाठी घेतली. त्याचा वैद्य, प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियस, याने १५४६ मध्ये तिच्यावर एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. मात्र मुळीच्या गुणांबद्दल तो स्वतः फारसा उत्साही नव्हता.

मग रुग्ण बरे कसे होत होते?

सिफिलिसची पहिली जखम तीन ते सहा आठवड्यांत काहीही न करता भरून येते. नंतर अंगावर पुरळ उठते, तेही आपोआप जाते. पुढे वर्षानुवर्षे काहीच त्रास नसतो. काढा सुरू केला आणि जखम भरली, तर श्रेय काढ्याला मिळणारच. जंतू मात्र शरीरात तसेच राहतात आणि काही रुग्णांत दहा-वीस वर्षांनी महाधमनी, मेंदू किंवा मज्जारज्जू गाठतात. तोवर तो काढा कोणाच्या लक्षात राहणार?

ओस्लो येथील डॉ. बोएक यांनी १८९१ ते १९१० या काळात सुमारे २००० रुग्णांना पाऱ्याचे औषध दिले नाही. कारण पारा उपयोगापेक्षा अपाय जास्त करतो असे त्यांचे मत होते. या रुग्णांचा नंतर मागोवा घेतला, तेव्हा ढोबळमानाने एक तृतीयांश रुग्णांना पुढचे गंभीर विकार झालेले आढळले. बाकीच्यांना ते झाले नाहीत. म्हणजे कोणतेही औषध दिले असते, तरी ते दोन तृतीयांश रुग्णांत 'यशस्वी' दिसले असते!

चोपचिनीची स्पर्धा पाऱ्याशी होती, हेही लक्षात घ्यायला हवे. पाऱ्याने हिरड्या सुजत, दात हलत, लाळ गळे. भावप्रकाशातही रसकापूर गव्हाच्या पिठाच्या गोळीत घालून, दातांना न लागू देता गिळायला सांगितला आहे. चीनमध्ये ली शिझेन याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातही पाऱ्याच्या दुष्परिणामांचा उल्लेख आहे आणि याच जातीची दुसरी एक मुळी सुचवली आहे. चोपचिनीने जंतू मेले नाहीत, पण अनेक रुग्ण पाऱ्यापासून वाचले असणार. तिच्या कीर्तीत हा भाग मोठा आहे.

१९०५ मध्ये सिफिलिसचा जंतू सापडला, १९१० मध्ये साल्व्हार्सन आले आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने रोग बरा होतो हे सिद्ध झाले.

चिनी वनस्पती म्हणजे निरुपयोगी का?

मुळीच नाही. चिंगहाव या चिनी वनस्पतीतून तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळे केले. आज गंभीर मलेरियात जीव वाचवणारी आर्टेसुनेटची इंजेक्शने त्यातूनच आली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फरक तपासणीचा आहे : जंतू कमी झाले का, किती मात्रेत, औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत किती. चोपचिनीतील काही घटक प्रयोगशाळेत सूज कमी करतात. पण माणसांत सांधेदुखीवर तिचा किती उपयोग होतो, याचा तसा भक्कम पुरावा नाही.

लक्षात ठेवा

- गुप्तांगावर न दुखणारी जखम झाली आणि आपोआप भरली, तरी रक्ताची व्हीडीआरएल तपासणी करून घ्या. जोडीदाराचीही करा.
- सुरुवातीच्या सिफिलिसवर बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन बहुधा पुरते. त्याऐवजी कोणताही काढा किंवा चूर्ण घेऊ नका.
- गरोदरपणात ही तपासणी टाळू नका. उपचार न झाल्यास गर्भपात, मृत बाळ किंवा बाळाला जन्मजात रोग होऊ शकतो.
- सांधे सुजत असतील, सकाळी तासभर आखडत असतील, तर आधी निदान करून घ्या. आमवातात गेलेले महिने परत मिळत नाहीत.
- चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. उघड्यावर विकल्या जाणाऱ्या चूर्णात स्टिरॉइडची किंवा जड धातूंची भेसळ असू शकते.

त्रास थांबणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळायला वैद्यकाला चारशे वर्षे लागली. आज तो रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळतो.