घाटाचा राजा

आमच्या पेठेतली जुनी माणसं सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुण्याचंच नाव घेत. अमक्या साली ती कोणी जिंकली यावर वाद व्हायचे, ‘घाटाचा राजा’ कोण यावर कधी होत नसत. खोपोली मागे पडली की बोरघाट लागतो. तो चढून जो सगळ्यांत आधी माथा गाठेल त्याला हा किताब. थोरले काका समजावून सांगत : सपाटीला चाकामागे चाक लावलं, की पुढचा वारा कापतो आणि मागच्याचा बराच दम वाचतो. चढावर वेगच उतरतो, मग आडोसा कसला? तिथे ज्याच्या त्याच्या मांड्या.

याच घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. रेल्वे कुठून न्यावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी कथा. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि तो बांधताना हजारो मजूर मेले, हे इतिहासात आहेच. काकांच्या तोंडून मात्र शिंगरोबा आणि घाटाचा राजा एकाच ओघात येत. त्या चढावर दम लागलेली सगळी माणसं त्यांना एका कुळातली वाटत.

काका शर्यतीत कधी उतरले नाहीत. ते शर्यतीच्या वाटेवर दापोडीच्या पुलाजवळ पाण्याची कळशी घेऊन उभे राहत. ते स्वतः चालवत ती सायकल भाड्याची, तासाच्या हिशोबाची. घेण्याआधी अंगठ्याने टायर दाबून बघायचा, चेन ढिली नाही ना ते बघायचं. पोरं नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकायची. गणपतीत संथ सायकलची स्पर्धा असे. पाय न टेकता जो शेवटी पोचेल तो पहिला. आणि एखाद्या चौकात सलग सात दिवस सायकल चालवणारा कलावंत यायचा. खाणं, दाढी, आंघोळ, सगळं सायकलवरच. आई रात्री त्याला दूध नेऊन द्यायची, असं काका सांगत. शर्यत बघायला उभं राहणारं गाव अशा चौकांतून घडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याने स्वतः दुपारच्या उन्हात पर्वतीच्या बाजूचा चढ पायडल मारत काढलाय, त्याला घाटाच्या राजाचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पुढे आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली, १९७२ साली कायनेटिकची लूना आली. मुंबई-पुणे शर्यतीत खंड पडत गेले. भाड्याच्या सायकलींची दुकानं एकेक करून मिटली. जुन्या सायकली आता बघायच्या तर कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जावं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए तिथे आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, परदेशी संघ आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची मान्यता. या दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत देशात पहिल्यांदाच होत होती. सलामीला डेक्कनवर स्वार एकामागून एक सुटले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण परंपरा पुन्हा उभी करायची तर मुठेच्या अलीकडे, पेठांत यायला हवं. इथले रस्ते अरुंद, वळणं काटकोनी. छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीत नेमका वळणावरचाच कस लागतो. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत शनिवारवाड्याभोवती वाहनं बंद ठेवावीत आणि एक गट कॅरियर-मडगार्डवाल्या साध्या सायकलींचा असावा. दूध टाकणारा, पेपर टाकणारा, शाळेतली मुलगी, सगळ्यांना त्यात उतरता येईल. संथ सायकलही ठेवावी. तिला आमच्याकडच्या सत्तरीतल्या दोघी आजच नाव द्यायला तयार आहेत.