श्रवणयंत्र आणि तें बेतणारा हात

आंधळ्याच्या हातांतली काठी पाहिली कीं रस्त्यावरचा मनुष्य आपण होऊन वाट देतो. बहिरेपण मात्र कोणास दिसत नाहीं. म्हणून बहिऱ्याच्या वांट्याला सहानुभूतीपेक्षां थट्टाच अधिक येते. घरांतलें वृद्ध माणूस पंक्तींत सर्वांबरोबर हंसतें, पण हंसणें कशाचें तें त्यास ठाऊक नसतें. मग मुलें हौसेनें श्रवणयंत्र आणतात, आणि थोड्याच दिवसांत तें कपाटांत जाऊन पडतें. दोष यंत्राचाच असतो असें नाहीं. चष्मा जसा डोळ्याला, तसें यंत्र कानाला बेतावें लागतें. आणि बेतणाऱ्यास त्याचें स्वतंत्र शिक्षण लागतें. ही साधी गोष्ट ध्यानांत येण्यास जगाला बराच काळ लागला.

मुंबईंत मुक्या-बहिऱ्यांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांतच निघाली होती. पुढें १९२० नंतर निर्वात नळ्यांवर चालणारीं श्रवणयंत्रें परदेशीं बाजारांत आलीं. तरी शिक्षक शिकवी, डॉक्टर कान तपासी आणि दुकानदार यंत्र विकी. तिघांचा मेळ नसे. तो जमला दुसऱ्या महायुद्धांत. तोफांच्या आवाजानें ऐकणें गमावलेले सैनिक परतूं लागले, तेव्हां अमेरिकेंतील लष्करी रुग्णालयांत रेमंड कारहार्ट प्रभृति संशोधकांनीं ऐकणें मोजण्याची, यंत्र निवडण्याची आणि त्याची संवय लावण्याची पद्धत बसविली. तिच्यांतून श्रवणशास्त्र हें नवें शास्त्र उभें राहिलें. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि यंत्र हळूहळू कानामागें मावेल इतकें लहान झालें.

भारतांत या शिक्षणाची मुहूर्तमेढ १९६० नंतरच्या दशकांत रोवली गेली. मुंबईंत नायर रुग्णालय व त्याला जोडलेलें टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय येथें वाणी व श्रवण यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच सुमारास म्हैसूर येथें अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९८३ सालीं वांद्रे येथें महाराष्ट्राचे दिवंगत राज्यपाल अली यावर जंग यांच्या नांवें राष्ट्रीय संस्था निघाली. आज पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यांतलें अखेरचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें असतें.

एवढीं वर्षें शिकावयाचें तरी काय, असें कोणी विचारील. उत्तरासाठीं ठाणें-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवलीकडे पाहावें. घणसोली-रबाळ्याच्या शेजारचें हें गांव. १९६० नंतर या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. यंत्रांच्या अखंड गोंगाटांत वर्षानुवर्षें काम करणाऱ्याचे कान एकदम जात नाहींत. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. त्यामुळें कोणी बोलत आहे हें कळतें, पण काय बोलत आहे तें कळत नाहीं. ‘काठ’, ‘ताट’ आणि ‘पाठ’ एकच वाटूं लागतात. अशा कानाला सर्वच आवाज मोठे करून दिले, तर शब्द उमगत नाहीं, फक्त डोकें दुखतें. म्हणून प्रत्येक स्वराला किती डेसिबल लागतात तें मोजणें, कोणता स्वर किती चढवावा तें ठरविणें, कानाचा ठसा घेऊन सांचा करणें आणि पुढें कित्येक आठवडे धीरानें फेरजुळणी करणें, हें सर्व शिकावें लागतें. त्यांतहि मराठी माणसाची परीक्षा मराठी शब्दांनींच घ्यावी लागते.

भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानें या कामास नोंदणी आवश्यक ठरविली. नोंदणीवांचून तें करणें दंडास वा कैदेस पात्र झालें. परंतु कायदा दुकानदारास अडवूं शकतो, ऐकूं न येणाऱ्याच्या मनांतील संकोच तो दूर करूं शकत नाहीं. तें काम यंत्राच्या किंमतीपूर्वीं माणसाची अडचण विचारणारा तज्ज्ञच करतो. पंक्तींतलें तें वृद्ध माणूस कशाला हंसावें हें कळून ज्या दिवशीं हंसेल, त्याच दिवशीं या शिक्षणाचें खरें चीज होईल.