खणखणीत नाणं: सराफाची पारख आणि आपली



लक्ष्मीपूजनासाठी किंवा बारशाला द्यायला म्हणून चांदीचं नाणं घेणारे आपल्यात बरेच आहेत. इथे ते ऑनलाइन स्वस्तात मिळतं, आणि मग शंका येतेच: हे खरं असेल ना? शंका जुनीच आहे. नाणं वाजवून घेणं, कसाला उतरणं, नावाला बट्टा लागणं, हे आपले रोजचे वाक्प्रचार सराफाच्या पेढीवरचेच आहेत.

पेशवाईत 'रुपया' म्हणजे एकच नाणं नव्हतं. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिवाय इतर टाकसाळींचे वेगळे. कशात चांदी कमी, कोणी जास्त झिजलेलं. म्हणून सराफ नाणं तोलायचा, निरखायचा, वाजवायचा आणि कमी भरेल तेवढा बट्टा कापायचा. सरकारी खजिन्यात हे काम पोतदाराकडे असे; आज ते आडनाव म्हणून उरलंय. फारच संशय आला तर नाण्यावर बारीक ठसा मारून आत तांबं नाही ना, तेही बघत. मुघल रुपयांवर सराफांच्या अशा खुणा आजही सापडतात.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एक ठरावीक रुपया आणला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे प्रमाण शंभराहून जास्त वर्षं टिकलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चांदी ५० टक्क्यांवर आली, वजन मात्र तेच राहिलं. नकली नाणी रोखायला कडेवर खास नक्षी आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा. आजीच्या डब्यात हे तिन्ही एकत्र असू शकतात. निकेलचा लोहचुंबकाला चिकटतो, तो लगेच ओळखू येतो. पण १९४० नंतरचा आणि आधीचा यांत नुसता तराजू फरक सांगत नाही.

इथे आर्किमिडीज कामाला येतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पूर्ण पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्याने भागलं की घनता. हिशेबाने जुन्या रुपयाची साधारण १०.३ यावी, १९४० नंतरच्याची ९.५ च्या आसपास.

हीच रीत नव्या नाण्यांना लागू. १९८६ पासून निघणारं अमेरिकन सिल्व्हर ईगल घ्या: ३१.१० ग्रॅम, व्यास ४०.६ मिमी, जाडी २.९८ मिमी, चांदी ९९.९ टक्के. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणजे काट्यावर २.९७ च्या जवळपास आकडा हवा. तांब्याची घनता ८.९६. वर मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं त्याच मापाचं केलं तर वजनाला कमी भरतं. वजन जुळवायला गेलं तर आकारमान १७ टक्के वाढतं आणि कॅलिपरवर पकडलं जातं. शिसं चांदीहून जड, त्यामुळे मिश्रणाने वजन जुळवता येईल, पण ते बद्द वाजतं. चुंबकावर मात्र विसंबू नका. चांदी त्याला चिकटत नाही, तसं तांबंही नाही.

आता एक पेच. मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, तरी तिचं थेलर हे नाणं पुढेही १७८० सालच घालून पाडत राहिले. अरबस्तान आणि इथिओपियात त्याच्यावर इतका विश्वास होता की लोक राणीच्या ब्रोचमधले मोती मोजून मगच ते स्वीकारत. १९४०-४१ मध्ये हे थेलर चक्क मुंबईच्या टाकसाळीत पाडलं गेलं! साल १७८०, घडण मुंबईची, आणि चांदी पूर्वीइतकीच, ८३.३ टक्के. मग हे खरं का खोटं?

माझ्या मते इथे प्रश्न दोन आहेत. धातू खरा आहे का, हे काटा, कॅलिपर आणि कान सांगतात. नाणं त्या सालाचं, त्या टाकसाळीचं आहे का, हे मात्र पाणी सांगत नाही. त्याला जाणकाराचा डोळा लागतो. चांदी म्हणून घेताय तर पहिल्याचं उत्तर पुरे. जुना राणीछाप म्हणून जास्त पैसे मोजताय, तर दुसऱ्याचंही हवं, कारण चांगल्या चांदीत नव्याने पाडलेला 'जुना' रुपया घनतेच्या परीक्षेत आरामात पास होईल.

आणि स्वस्त नाण्याची नक्कल कोण कशाला करेल, असं समजू नका. महाग वस्तू सगळेच तपासतात. स्वस्त कोणी तपासत नाही, आणि नकली माल खपतो तो तिथेच. सराफ एकेक रुपया वाजवून घ्यायचा, त्यात समोरच्यावर अविश्वास नव्हता, ती पेढीची शिस्त होती. आपणही पाच मिनिटं द्यायला हरकत नाही. फक्त कानस किंवा ॲसिड लावू नका, खऱ्या नाण्याचीही किंमत जाते.