‘उचल्या’: आपल्या जिल्ह्यातली, पण कादंबरी नसलेली गोष्ट

हॅरी पॉटरमध्ये ‘मडब्लड’ ही शिवी आहे, आईबाप जादूगार नसलेल्या मुलांसाठी. ‘हंगर गेम्स’मध्ये तुमचा जन्म कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये झाला यावर तुमची किंमत ठरते. जन्माचा शिक्का आणि त्याच्याशी झगडणारं पोर, हा किशोर कादंबऱ्यांचा लाडका विषय. धाराशिवकडच्या वाचणाऱ्या पोरापोरींना मी या पुस्तकांनंतर एक नाव हमखास सुचवते: लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. १९८७ साली आलेलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. फरक एवढाच, की ते आत्मकथन आहे. यातलं काही कल्पित नाही.

गायकवाडांचा जन्म १९५२ चा, लातूर तालुक्यातल्या धनेगावचा. लातूर वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. तोवर हा सगळा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे गोष्ट मुळात आपलीच.

कादंबरीत अन्यायाला बहुधा एक खलनायक असतो. इथे कायदा आहे. १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. शेजारच्या सोलापुरात अशा लोकांची वसाहत तारेच्या कुंपणात होती. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तिथेही याच धर्तीचे नियम होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या. लक्ष्मण जन्मला त्याच वर्षी.

पण कागदावरून गेलेला शिक्का पोलिसांच्या आणि गावाच्या डोक्यातून गेला नाही. चोरी कुठेही होवो, झडती यांच्याच घराची. घरातले लोक चोरी करायचे, हेही गायकवाड लपवत नाहीत. काम कुणी देत नाही म्हणून चोरी, आणि चोर म्हणून काम नाही, असा तो फेरा होता.

मला सगळ्यात हलवून गेलेला प्रसंग वेगळाच आहे. लक्ष्मण शाळेत जायला लागला आणि वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी सुरू झाली. वस्तीच म्हणाली, हा शाळेत जातो म्हणून हे झालं! बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं ‘शाळा तुमची नव्हे’ आतल्यांनाही खरं वाटू लागलं होतं. अशा वेळी पाटी घेऊन रोज शाळेत जाणं हाच प्रतिकार असतो. पुढे तोच मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाला, चळवळीत उतरला आणि लिहू लागला. ज्या शब्दाने लोक हिणवायचे, तोच त्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम रद्द करावे लागले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या नोंदी त्यांतही होत्या.

म्हणून ‘उचल्या’ वाचा. आणि यापुढे गावात चोरी झाली, की चावडीवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिलं नाव कुणाचं घेतलं जातं, ते जरा लक्ष देऊन ऐका. पुरावा काय, हे तिथे कुणीतरी विचारायला हवं.