कोलनचा वारसा

आयफोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये वरच्या पट्टीत उजवीकडे ‘सेव्ह’चं बटण असतं. सेव्ह कसं करायचं हे त्या बटणाला ठाऊक नसतं. त्याला दोनच गोष्टी सांगून ठेवलेल्या असतात: निरोप कुणाला द्यायचा आणि काय द्यायचा. पहिल्याला टार्गेट म्हणतात, दुसऱ्याला ॲक्शन.

ही जोडी आयफोनहून बरीच जुनी. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक घडवली. या भाषेत प्रोग्राममधल्या वस्तू एकमेकींना निरोप धाडतात. तो कसा पाळायचा ते जिचं ती बघते. पुढच्या दशकात ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी याच कल्पनेचं सी भाषेवर कलम केलं. ती ऑब्जेक्टिव्ह-सी. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ती घेतली, आणि तिथे फ्रेंच संगणकतज्ज्ञ जाँ-मारी युलो यांनी इंटरफेस बिल्डर उभं केलं. बटणापासून माउसने रेघ ओढायची, हव्या त्या वस्तूवर सोडायची, यादीतून निरोप निवडायचा, झाली नोंदणी. या साऱ्या कुळकथेत मला ही रेघच सर्वांत देखणी वाटते. दोन वस्तूंचं नातं तिने डोळ्यांना दाखवलं.

१९९७मध्ये नेक्स्ट ॲपलकडे आली आणि २००८मध्ये ही पद्धत आयफोनच्या प्रोग्रामरांच्या हाती पडली. सोबत स्मॉलटॉकचा कोलनही आला. निरोपाबरोबर काही द्यायचं असेल तर नावापुढे कोलन, आणि तो नावाचाच भाग. माझ्या पहिल्या ॲपमध्ये तो एक कोलन लिहायचा राहिला. पट्टी दिसे, बटण दिसे, दाबलं की ॲप बंद. नावाचा शोध बटण दाबल्यावरच लागत असल्याने तोवर कुणी हटकलंच नाही. अख्खी संध्याकाळ गेली.

२०१६मध्ये ॲपलच्या नव्या स्विफ्ट भाषेच्या २.२ आवृत्तीने असं नाव आधीच तपासायला सुरुवात केली. २०२०च्या आयओएस १४पासून तर निरोपाऐवजी कामच थेट बटणाच्या हाती देता येतं. मी आता तसंच लिहितो. फक्त एक जपावं लागतं: जुनं बटण टार्गेटला, म्हणजे बहुधा स्क्रीनला, सैल धरायचं; स्क्रीन बंद झाली की ती सुटायची. नव्या पद्धतीत ‘वीक’ (म्हणजे ‘सैल धर’) लिहायला विसरलं, तर बटण आणि स्क्रीन एकमेकांना घट्ट धरून मेमरीत तशीच राहतात.